नाव ब्लॅक बॉक्स, रंग नारिंगी

२०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यानंतरचे चार-पाच दिवस मराठी वाहिन्यांवर पट्ट्या फिरत होत्या. ब्लॅक बॉक्स सापडला. दुसऱ्याचा शोध सुरू. दुसराही सापडला. पट्टीच्या वर चित्रात जी पेटी दिसत होती, ती मात्र चक्क नारिंगी होती. घरोघरी पोरांनी विचारलं असणार की हिला काळी का म्हणतात, आणि मोठ्यांनी 'म्हणतात बाबा तसं' म्हणून वेळ मारून नेली असणार.

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्याला पाठ आहे, त्यामुळे नावाचा आणि वस्तूचा मेळ नसला तरी आपण फारसं मनावर घेत नाही. इथे मात्र घ्यायला हवं. या नावाने रंगाबद्दल तर दिशाभूल केलीच, पण पेटी काय करते आणि काय करू शकत नाही, याबद्दलही लोकांच्या मनात भलतंच काही भरवलं.

पेटी बघायला अहमदाबादला जायला नको. कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर शिर्डीचा विमानतळ आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्यांना घेऊन रोज जी विमानं तिथल्या अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर उतरतात, त्या प्रत्येकाच्या शेपटीकडच्या भागात ही नारिंगी पेटी बसवलेली असते. प्रवाशांच्या डोक्यामागेच, पण कधी दिसत नाही.

शेपटीत काय असतं

एक नव्हे, बहुतेक विमानांत दोन पेट्या असतात. एक यंत्रांच्या नोंदी ठेवते, तिला फ्लाइट डेटा रेकॉर्डर म्हणतात. दुसरी वैमानिकांच्या खोलीतला, म्हणजे कॉकपिटमधला आवाज साठवते. ती कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत दोन्ही कामं एकच पेटी करते आणि तशा दोन पेट्या बसवतात, एक पुढे आणि एक शेपटीकडे. शेपटीची जागा निवडली ती अनुभवातून. विमान बहुतेक वेळा नाकाकडून आदळतं, मागचा भाग त्या मानाने कमी चेपतो.

आता काकडीला उतरणारं एखादं विमान डोळ्यांसमोर आणा. पंखांवरच्या फळ्या खाली आल्या, चाकं बाहेर पडली, इंजिनाचा जोर कमी झाला. यातली प्रत्येक हालचाल टिपायला विमानभर संवेदक बसवलेले असतात. त्यांच्याकडून आलेली माहिती एका यंत्रात गोळा होते, आकड्यांत बदलते आणि तारेने शेपटीतल्या पेटीत जाते. विमानाची उंची साधारण सेकंदाला एकदा लिहिली जाते. वरखाली बसणारे धक्के क्षणात येतात आणि जातात, म्हणून ते सेकंदाला आठ वेळा लिहिले जातात. चाकं जमिनीला टेकली, त्यांच्यावर भार आला, की तीही नोंद. ब्रेक कधी दाबला, किती दाबला, इंजिनाचा उलटा जोर कधी लावला, सगळं वेळेसकट. नोंदीच्या अशा एकेका रकान्याला पॅरामीटर म्हणतात. साठ वर्षांपूर्वीच्या पेट्यांत पाच-सहा रकाने असत: वेळ, उंची, वेग, दिशा, धक्का. आजच्या मोठ्या विमानात ते हजाराच्या वर जातात.

आवाजाच्या पेटीला सहसा चार वाटांनी आवाज येतो. दोन वैमानिकांचे दोन माइक, तिसरं कुणी बसलं असेल तर त्याचा, आणि चौथा कॉकपिटच्या छतापाशी बसवलेला, सगळं ऐकणारा. तपास करणाऱ्यांच्या दृष्टीने हा चौथा फार मोलाचा. तो बटणाचा टिक आवाज ऐकतो, धोक्याचा भोंगा ऐकतो, पावसाचा मारा ऐकतो. इंजिनाच्या घरघरीची पट्टी मोजून ते त्या क्षणी किती वेगाने फिरत होतं, हेही काढता येतं.

साठवण्याची पद्धत मात्र तुमच्या ओळखीची आहे. सराफाच्या दुकानातला सीसीटीव्ही जसा पंधरा-वीस दिवसांचं चित्रण ठेवतो आणि जागा भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो, तसंच इथे चालतं. यंत्रांच्या नोंदी किमान २५ तासांच्या राहतात, आवाज बहुतेक विमानांत शेवटच्या दोन तासांचा. चोरी झाल्यावर दुकानदाराने महिनाभराने तक्रार केली तर पोलिसांच्या हाती जसं काही लागत नाही, तशी गत इथेही होते. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीचा एक तुकडा हवेत उडून गेला. विमान सुखरूप उतरलं, पण पेटीची वीज वेळेवर कुणी तोडली नाही. तपास पथक पोहोचेपर्यंत त्या प्रसंगाचा आवाज नव्या आवाजाखाली पुसला गेला होता. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आवाजासाठीही २५ तासांची अट घातली. इतकी साधी गोष्ट व्हायला इतकी वर्षं का लागावीत, असं विचारलं तर उत्तर तंत्रात सापडत नाही, वैमानिकांच्या संकोचात सापडतं. दिवसभराचं आपलं बोलणं कुणीतरी ऐकावं, हे कुणाला आवडेल?

अपघात मोठा असला तरच पेटी उघडतात, हाही एक गैरसमज. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून शिर्डीला आलेलं एक विमान उतरताना धावपट्टी सोडून पुढच्या मातीत गेलं. प्रवासी सुखरूप राहिले. अशा प्रसंगी चाकं नेमकी कुठे टेकली, तेव्हा वेग किती होता, वारा मागून होता का, ब्रेक लागायला किती सेकंद गेले, ही उत्तरं या पेट्यांतूनच निघतात. पायाखाली धावपट्टी किती उरली होती, हे वैमानिकाला नीटसं आठवत नाही. पेटीत ते आकड्यांत असतं.

चौकट: पेटी काय काय सोसते

मंजुरीआधी पेटीच्या नमुन्याला पुढच्या कसोट्यांतून जावं लागतं.

धक्का: गुरुत्वाकर्षणाच्या ३,४०० पट, साडेसहा मिलिसेकंद.
टोचणं: टोकाशी पोलादी खिळा लावलेलं २२७ किलोंचं वजन ३ मीटरवरून पेटीवर सोडतात.
दाब: सव्वादोन टनांहून जास्त भार, पाच मिनिटं.
आग: ११०० अंश सेल्सिअस, एक तास. शिवाय २६० अंशांत दहा तास.
पाणी: सहा हजार मीटर खोलीइतका दाब, ३० दिवस.

बहुतेक विमानांचं अंग ज्या धातूचं असतं ते ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं.

मग अख्खं विमानच त्या पोलादाचं का नाही?

हा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर येतो आणि विचारणारा तो मोठ्या हुशारीने विचारतो. पहिली गोष्ट म्हणजे सगळी पेटी मजबूत नसतेच. चित्रात जो गोल डबा किंवा घुमट दिसतो, तेवढाच भाग जपलेला असतो. बाकीची पेटी म्हणजे साधी इलेक्ट्रॉनिक्स, ती चेपली-जळली तरी चालतं. त्या गोल डब्यात बाहेरून पोलाद किंवा टायटॅनिअम, त्याच्या आत उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचा जाड थर, आणि मधोमध तळहातावर मावेल एवढ्या पट्टीवर लावलेल्या मेमरी चिप. आपल्या मोबाइलमध्ये असतात त्याच जातीच्या. जपायचं ते एवढंच. त्यासाठी साधारण साडेचार-पाच किलोंची पेटी लागते. याच हिशेबाने शंभर-दोनशे माणसं बसतील असं विमान बांधलं तर ते उडणारच नाही.

दुसरं उत्तर अधिक कडू आहे. समजा उडालं, तरी आतली माणसं वाचणार नाहीत. अपघातात माणूस मरतो तो केवळ विमान फुटलं म्हणून नव्हे. ताशी दोन-अडीचशे किलोमीटरचा वेग पापणी लवायच्या आत शून्यावर येतो, तो थांबण्याचा धक्का शरीराला सोसत नाही. खास पोशाख घातलेला लढाऊ वैमानिक गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पटींपर्यंत तग धरतो. चिप हजारो पटींत टिकते, कारण तिच्यात रक्त नाही आणि हलणारं काही नाही.

पाण्यात पडलेली पेटी शोधायला तिच्या अंगावर लहानशी नळी असते. पाणी लागलं की तिचं वीजमंडल जुळतं आणि ती सेकंदाला एक टिक असा आवाज सोडते. हा आवाज ३७.५ किलोहर्ट्झचा. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून तो ऐकायला पाण्यातले खास माइक लागतात. पूर्वी तिची बॅटरी ३० दिवस चाले. एअर फ्रान्सचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये पडलं आणि त्याच्या पेट्या मिळायला मे २०११ उजाडला, तेही जवळपास ३,९०० मीटर खोलीवरून. मग मुदत ९० दिवसांवर नेली. जमिनीवर मात्र ही नळी मुकी असते. शेतात पडलेली पेटी हाक मारत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते. रंग नारिंगी असण्याचं खरं कारण हे. राखेत, चिखलात, गवतात, पाण्याच्या तळाशी तो उठून दिसतो. अंगावर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या असतात आणि उघडू नका अशी सूचना मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते.

कलकत्त्याचं कॉमेट आणि मेलबर्नचा रसायनतज्ज्ञ

पेटीच्या जन्मकथेचा एक धागा आपल्या देशातून जातो. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. २ मे १९५२ रोजी त्याची सेवा सुरू झाली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून उडालेलं एक कॉमेट काही मिनिटांतच हवेत फुटलं. ४३ जण गेले. वादळी पाऊस होता, दोष वादळाच्या माथी गेला. मग जानेवारी १९५४ मध्ये इटलीजवळ एल्बा बेटापाशी दुसरं फुटलं आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ तिसरं. तेव्हा मात्र जगाला घाम फुटला. नव्याकोऱ्या विमानांचं हवेत काय होतंय, हे सांगायला कुणी उरत नव्हतं.

या कॉमेट प्रकरणाचा विचार करायला ऑस्ट्रेलियात जी मंडळी बसली, त्यांत मेलबर्नच्या वैमानिकी संशोधनशाळेतले डेव्हिड वॉरन होते. ते इंधनाचे रसायनतज्ज्ञ. टाकीतल्या वाफेचा स्फोट झाला असेल का, हे मंडळींना त्यांच्याकडून जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी एका व्यापारी प्रदर्शनात त्यांनी खिशात मावेल एवढं जर्मन ध्वनिमुद्रण यंत्र पाहिलं होतं. त्यात फीत नव्हती, केसासारख्या बारीक पोलादी तारेवर आवाज उमटत असे. फुटलेल्या त्या विमानात असं एखादं यंत्र चालू असतं आणि ते ढिगाऱ्यातून निघालं असतं तर?

वॉरन यांच्या आयुष्यात विमान अपघात आधीच घडून गेला होता. १९३४ मध्ये बास सामुद्रधुनीवर नाहीशा झालेल्या विमानात त्यांचे वडील होते. तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. वडिलांनी शेवटची भेट म्हणून दिलेला क्रिस्टल रेडिओ संच तेवढा मागे राहिला आणि त्याच्याशी खेळता खेळता मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला.

१९५४ मध्ये त्यांनी आपली कल्पना टिपणाच्या रूपात मांडली, पुढे दोन-तीन वर्षांत नमुना तयार केला. चार तासांचा आवाज आणि सोबत काही यंत्रांच्या नोंदी तो तारेवर लिहीत असे. मायदेशात कौतुक झालं नाही. नागरी विमान खात्याला त्याचा तातडीचा उपयोग दिसेना. हवाई दलाचं म्हणणं, यातून खुलासे कमी आणि शिव्याच जास्त ऐकू येतील. वैमानिकांच्या संघटनेला तर तो शेजारी बसवलेला हेर वाटला. १९५८ मध्ये ब्रिटनच्या विमान नोंदणी मंडळाचे सचिव सर रॉबर्ट हार्डिंगहॅम मेलबर्नला आले, जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे यंत्र दाखवलं आणि वॉरन यांची रवानगी यंत्रासकट इंग्लंडला झाली. पुढे तिथल्या डॅव्हॉल कंपनीने काढलेल्या पेटीला लोक 'रेड एग' म्हणत. तांबडं अंडं! म्हणजे बाजारात आली तेव्हाही पेटी काळी नव्हती.

१० जून १९६० रोजी क्वीन्सलंडमधल्या मॅके इथे एक फोकर विमान समुद्रात पडलं, २९ जण गेले, कारण कळलं नाही. चौकशीच्या न्यायाधीशांनी अशी पेटी विमानात हवी, असं सुचवलं आणि कॉकपिटमधला आवाज टिपणं सक्तीचं करणारा ऑस्ट्रेलिया पहिला देश ठरला. वॉरन २०१० मध्ये वारले. त्यांच्या शवपेटीवर लेबल लावलं होतं: फ्लाइट रेकॉर्डरचा जनक, उघडू नका.

'काळी' कुठून आली

याची तीन-चार उत्तरं सांगितली जातात.

सर्वांत लोकप्रिय उत्तर म्हणजे आगीत जळून पेटी काळी पडते, म्हणून. ऐकायला बरं वाटतं, पण ते मागाहून जुळवलेलं असावं. अपघातात सापडलेल्या अनेक पेट्या नारिंगीच्या नारिंगी राहतात, आणि नाव चिकटलं त्या काळात जळालेली पेटी बघितलेली माणसं जगात मोजकीच होती.

दुसरं उत्तर फ्रान्सचं. फ्रांस्वा ह्युसेनो या अभियंत्याने १९३९ च्या सुमारास एक नोंदयंत्र बनवलं. त्यात उंची, वेग वगैरेंच्या हालचालींनी लहान आरसे कलत आणि प्रकाशाचे ठिपके सरकत्या फोटो फिल्मवर रेघा ओढत. फिल्मला बाहेरचा उजेड लागू नये म्हणून आतून गच्च अंधारी पेटी हवीच. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण फ्रेंच पेटीचं नाव इंग्रजीत कसं शिरलं, याचा दुवा सापडत नाही.

तिसरं उत्तर वॉरन यांच्याच गोष्टीतलं. १९५८ मध्ये इंग्लंडला यंत्र दाखवलं तेव्हा एका पत्रकाराने 'काय अफलातून ब्लॅक बॉक्स आहे' असे उद्गार काढले म्हणतात. काढलेही असतील. पण पत्रकाराच्या तोंडी तो शब्द आयता आला, म्हणजे तो आधीपासून वापरात होता.

होताच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांत रडार आणि दिशा शोधणारी नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसू लागली. ती काळ्या रंगाच्या बंद पेट्यांत येत. आत काय आहे हे गुपित होतं. वैमानिकाने फक्त बटण फिरवायचं आणि काटा बघायचा. बिघडलं तर मैदानावर उघडून दुरुस्त करायचं नाही, अख्खी पेटी बदलायची. हवाई दलाच्या बोलीत अशा प्रत्येक यंत्राला ब्लॅक बॉक्स म्हणू लागले. युद्ध संपलं, तीच माणसं प्रवासी विमानांच्या धंद्यात आली आणि बोलीही बरोबर आली. पुढे शास्त्रज्ञांनी हा शब्द उचलला. आत काय जातं आणि बाहेर काय येतं हे दिसतं, पण मधे काय घडतं ते दिसत नाही, अशा कशालाही ते ब्लॅक बॉक्स म्हणतात.

मला हेच उत्तर पटतं. नोंदपेटी विमानात आली तेव्हा ती डझनभर ब्लॅक बॉक्सांपैकी एक होती. बाकीच्यांना रडार, रेडिओ अशी आपापली नावं मिळाली. बातमीत येत राहिली ती ही एकच, म्हणून टोपणनावही तिच्यापाशीच राहिलं. १९६० च्या दशकात नियमांनी तिला भडक रंग दिला, तोवर नाव पक्कं झालं होतं. विमान उद्योगाच्या कागदपत्रांत ते आजही फारसं येत नाही. तिथे फ्लाइट रेकॉर्डर असंच लिहितात.

रंगाची चूक निरुपद्रवी आहे. खरी गल्लत त्या गुपिताच्या वासाने होते. 'ब्लॅक बॉक्स उघडला की सत्य बाहेर येणार' असं आपण म्हणतो, जणू आत कुणी निकाल लिहून ठेवला आहे. आत असतात फक्त नोंदी. त्यांचा अर्थ लावणं किती अवघड असतं, ते मुंबईच्या दोन प्रकरणांवरून कळेल.

वांद्र्याचा समुद्र, ट्रॉम्बेची प्रयोगशाळा

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे जम्बो विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. पाणी उथळ होतं, पेट्या हाती आल्या. यंत्रांच्या नोंदीत दिसलं की विमान आधी उजवीकडे वळलं, सरळ झालं आणि मग डावीकडे कलत कलत गेलं. नुसतं एवढं वाचलं तर वैमानिकाने विमान मुद्दाम पालथं घातलं, असंही कुणी म्हणेल. आवाजाची पेटी ऐकली तेव्हा संगती लागली. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, अडकलं होतं. विमान सरळ होऊनही ते उजवा कल दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, खरं क्षितिज दिसायला वावच नाही. कॅप्टन तो नसलेला कल घालवायला डावीकडे वळवत गेले. त्या यंत्रावर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनिअरने सांगितलं तेव्हा उरले होते काही सेकंद. एका पेटीने काय झालं ते सांगितलं, दुसरीने का झालं त्याचा माग दिला. एकटी कुठलीच पुरली नसती.

दुसरं प्रकरण एअर इंडियाच्याच 'कनिष्क'चं. २३ जून १९८५ रोजी हे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर ३१ हजार फुटांवरून नाहीसं झालं. ३२९ जण गेले. जवळपास दोन हजार मीटर खोल पाण्यातून, समुद्रतळावर काम करणाऱ्या यांत्रिक पाणबुडीने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पेट्या वर काढल्या. त्या मुंबईला आणल्या आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांनीही त्यांचा अभ्यास केला. तेव्हा चिप नव्हत्या, फिती होत्या. फितीत काय सापडलं? यंत्रांच्या नोंदी व्यवस्थित चालल्या होत्या आणि एका क्षणी तुटल्या. आवाजाची फीतही त्याच क्षणी थांबली. थांबण्याआधी एक धमाका, सेकंदाचा जेमतेम अंश. बस्स.

त्या अंशावर तज्ज्ञांत मतभेद झाले. आवाजाच्या लहरी कागदावर ताणून, कंपनसंख्या वेगळ्या करून मुंबईत जो अभ्यास झाला, त्यातून तो स्फोट असावा असा निष्कर्ष पुढे आला. ब्रिटिश तज्ज्ञाचं म्हणणं, एवढ्या आवाजावरून स्फोटकाचा स्फोट खात्रीने म्हणता येत नाही. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी १९८६ मध्ये अहवाल दिला तेव्हा फितीच्या जोडीला समुद्रातून काढलेले अवशेष आणि इतर पुरावे तोलले आणि पुढच्या सामानकक्षात बॉम्बस्फोट झाला असा निर्णय दिला. तो पुढच्या काळात खराच ठरला. पण केवळ फितीवर विसंबले असते तर वाद आजही मिटला नसता.

अहमदाबादनंतर

अहमदाबादच्या विमानात दोन पेट्या होत्या. एक अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, १३ जूनला, इमारतीच्या छतावर मिळाली. दुसरी १६ जूनला ढिगाऱ्यात. शेपटीकडची पेटी आघाताने आणि आगीने इतकी खराब झाली होती की नेहमीच्या रीतीने वाचता आली नाही. मदतीला आली ती पुढची. तिच्यातला जपलेला भाग काढून, अमेरिकेहून आणलेल्या तशाच एका चांगल्या पेटीच्या सांगाड्यात बसवून दिल्लीच्या प्रयोगशाळेत माहिती उतरवली. त्या सांगाड्याला 'गोल्डन चॅसिस' म्हणतात. इथेही नावाचा रंग मनावर घेऊ नये, खात्रीची म्हणून गोल्डन. सुमारे ४९ तासांच्या नोंदी आणि दोन तासांचा आवाज मिळाला. ही प्रयोगशाळा त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. पूर्वी खराब झालेल्या पेट्या परदेशी पाठवाव्या लागत.

जुलैत आलेल्या प्राथमिक अहवालात नोंद आहे की उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने चालूवरून बंदच्या जागी गेले. आवाजात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की तू बंद का केलंस, आणि दुसरा म्हणतो मी केलं नाही. पेटीचं सांगणं इथे संपतं. स्विचची जागा बदलली हे ती लिहिते. कुणाचा हात होता, होता की नव्हता, का होता, हे लिहायला तिच्याकडे रकाना नाही. तरीही त्या आठवड्यात आपल्या मोबाइलवर 'ब्लॅक बॉक्समधून उघड' अशा मथळ्यांचे निकाल फिरत होते, वैमानिकांची नावं घेऊन. गेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही, एवढं तरी भान हवं. विमान अपघात तपास संस्थेचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. अशा बातमीची शहानिशा करायची तर तिथे करावी.

आणि एक विनंती कोपरगाव, राहाता, संगमनेरकडच्या वाचकांना, ज्यांच्या शिवारावरून विमानं रोज खाली येतात. तशी वेळ न येवो. पण कधी कुठे विमानाचा काही भाग पडलेला दिसला आणि त्यात नारिंगी रंगाची पेटी किंवा डबा असला, तर भंगार समजून उचलू नका, धुऊ-पुसू नका, पाण्यात पडली असेल तर वाळवायला बाहेर काढू नका. तपास करणारे पाण्यातली पेटी पाण्यातच ठेवून नेतात, कारण हवा लागली की आतले भाग गंजायला लागतात. फोटो काढण्यासाठी गर्दी करू नका. ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत तिथे कुणाला हात लावू देऊ नका.